फुटबॉलमधला रेसिझम आणि सायकोॲनालिसिस, संबंध काय?

बॅकबेंचर: मीडिया स्टडीजचं एमए करतोय, डेझर्टेशनला २०२१ ची युरो फायनल घेतलीय. लंडनच्या वेम्ब्लीला इंग्लंड इटलीकडून पेनल्टीवर हरलं आणि पेनल्टी हुकलेल्या रॅशफर्ड, सँचो, साका या तीन काळ्या खेळाडूंचं इन्स्टा माकडांच्या इमोजींनी भरलं, तीच. गाईड म्हणतात नुसत्या कमेंट मोजून काय होणार, फॅनन वाच. पण १९ वर्षांच्या साकाला शिव्या घालणाऱ्याचं मन कसलं वाचायचं, साधा हलकटपणा आहे की तो.

पेनल्टीबॉक्स: फॅनन कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटाचा, स्वतः सायकियाट्रिस्ट. १९५२ च्या 'ब्लॅक स्किन, व्हाइट मास्क्स'मध्ये सांगतो की गोऱ्या लोकांना वीसेक शब्द ऐकवायचे, त्यात मध्येच 'निग्रो' सोडायचा आणि पटकन काय सुचतं ते बघायचं. सुचलं काय, तर ताकद, ॲथलीट, बॉक्सर, जो लुई, जेसी ओवेन्स (काळा बॉक्सर नि काळा धावपटू) आणि त्याच दमात रानटी, जनावर, सैतान, पाप!! कौतुक आणि किळस एकाच डब्यात. आता कॉमेंट्री घे. २०२० मध्ये इंग्लंडच्या खेळाडूंच्या युनियनसोबत ८० मॅचच्या कॉमेंट्रीचा अभ्यास झाला, त्यात अक्कलहुशारीचं कौतुक जास्त करून उजळ खेळाडूंचं आणि 'पॉवर'चा विषय निघाला की तो काळ्या खेळाडूबद्दल असण्याची शक्यता साडेसहा पट. शिवी नाहीच कोणी दिली, 'काय बॉडी आहे, काय पळतो' एवढंच.

खडूसकाका: ही सायकोॲनालिसिसची थिअरी मला कधीच पटली नाही, माणूस हो म्हणाला तरी अनकॉन्शस, म्हणजे मनात दडलेलं, नाही म्हणाला तरी अनकॉन्शस. आणि बाळा, मँचेस्टरच्या विदिंग्टनमध्ये भिंतीवर रॅशफर्डचं मोठं चित्र आहे ना, त्या म्युरलवर फायनलनंतर जे खरडलं होतं ते वंशद्वेषी वाटत नाही असं पोलिसांनी नंतर सांगितलंय. न बघता लिहिलंस तर व्हायव्हाला धरतील.

पेनल्टीबॉक्स: काका, म्युरलचं मान्य. पण त्या शूटआउटमध्ये इटलीचेही दोन हुकले होते, म्हणजे हुकणं हा काही गुन्हा नव्हे. लकान हा फ्रेंच सायकोॲनालिस्ट, त्याला मानणारे म्हणतात, रेसिस्टला वाटतं आपल्या वाटची मजा दुसऱ्याने चोरली. आपण नाही का म्हणत, तोंडचा घास पळवला. ५५ वर्षांनी कप येणार होता, तोच घास. मग 'पेनल्टी मारता येत नाही' एवढ्यावर भागत नाही, थेट 'तुझ्या देशात जा'. कालपर्यंत गोल मारत होता तेव्हा आपलाच होता की.

बॅकबेंचर: काका वाचवलंत, चिठ्ठ्या नि हृदयं चिकटवलेल्या त्याच भिंतीचा फोटो कव्हरवर टाकणार होतो 😅 फॅननचं ते शब्दांचं कुठल्या चॅप्टरमध्ये?

पेनल्टीबॉक्स: सहाव्या. आधी पाचवं वाच पण, लहान पोरगं 'आई, बघ, निग्रो, मला भीती वाटते' म्हणतं ते.