मदत हवी आहे: आयएल-२ च्या रिसेप्टरमधली अल्फा साखळी नेमकं काय करते?

नमस्कार मंडळी,

एमएस्सी बायोटेकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सेमिनारसाठी इंटरल्यूकिन-२ (आयएल-२, प्रतिकारपेशींना वाढीचा संदेश देणारं प्रथिन) याचा रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची त्याला पकडणारी प्रथिनं, घेतलाय आणि एका जागी पार अडकलेय. जाणकारांनी मदत करावी.

रिसेप्टरच्या तीन साखळ्या: अल्फा (सीडी२५), बीटा आणि गॅमा. गॅमा आयएल-४, ७, ९, १५ आणि २१ यांनाही लागते. तिचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, ते बिघडलं तर मुलगे जन्मतःच जवळजवळ प्रतिकारशक्तीशिवाय असतात. पेशीच्या आत संदेश पोचवण्याचं काम बीटा-गॅमाचं. बीटाला जॅक१ हे विकर चिकटलेलं, गॅमाला जॅक३, पुढे संदेश नेणारं स्टॅट५ प्रथिन. अल्फाची आतली शेपटी इवलीशी, तिच्याकडून संदेश जातच नाही.

आता आकडे बघा (आकडा जितका लहान तितकी पकड घट्ट; १ नॅनोमोलर म्हणजे १००० पिकोमोलर). नुसत्या बीटा-गॅमावर आयएल-२ ची पकड साधारण १ नॅनोमोलर. सोबत अल्फा असली की १० पिकोमोलर, म्हणजे शंभरपट घट्ट! आणि एकटी अल्फा मात्र १० नॅनोमोलर, तशी ढिलीच.

अल्फा बीटाला धरून ठेवत असेल म्हणावं, तर तेही नाही. २००५ साली आलेली या सगळ्यांची एकत्रित क्रिस्टल-रचना (बारकावा २.३ अँगस्ट्रॉम) पायमोल या रेणू दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सगळीकडून फिरवून पाहिली. अल्फा आयएल-२ च्या एका अंगाला बसलेली, बीटा-गॅमा दुसऱ्या, आणि अल्फाचा त्या दोघींना कुठेही स्पर्श नाही. मग ही शंभरपट येते कुठून? ‘अल्फामुळे अ‍ॅफिनिटी वाढते’ (म्हणजे पकड घट्ट होते) एवढंच वाक्य स्लाइडवर टाकायला मन धजत नाही.

प्रतिसाद १

प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. दोन गोष्टी एकत्र घडतात.

आयएल-२ म्हणजे चार हेलिक्सची (स्प्रिंगसारख्या पिळांची) जुडी. बीटा ‘ए’ आणि ‘सी’ हेलिक्सवर बसते, पण मोकळ्या आयएल-२ मध्ये ‘सी’ जरा हलती असते. पलीकडे अल्फा बसली की ती बीटाला हवी तशी स्थिरावते. याचा सुंदर पुरावा २०१२ चं ‘सुपर-२’. त्यात आयएल-२ च्या गाभ्यात बदल करून हेलिक्स आधीच स्थिर केली. बीटावरची पकड सुमारे दोनशेपट वाढली आणि सीडी२५ ची गरजच उरली नाही.

दुसरी गोष्ट पेशीच्या पडद्याची. अल्फा पटकन पकडते, पटकन सोडते. पण तेवढ्या वेळात आयएल-२ पृष्ठभागावर आलेलं असतं, त्यामुळे बीटाची गाठ सगळ्या द्रवात नाही, पडद्याच्या पातळीवरच पडायची असते. तुम्ही पाहिलेल्या क्रिस्टलमध्ये साखळ्यांचे फक्त बाहेरचे भाग आहेत, पडदा नाहीच. कितीही फिरवलंत तरी हा भाग तिथे दिसणार नाही.

प्रतिसाद २

आयएल-१५ ची (आयएल-२ च्याच कुळातल्या प्रथिनाची) स्लाइड जरूर घाला. बीटा-गॅमा त्याच, २०१२ च्या रचनेत मांडणीही जवळपास तशीच. फरक अल्फाचा. आयएल-१५ ची अल्फा स्वतःच खूप घट्ट धरते आणि बहुतेकदा शेजारच्या पेशीवरून, उदाहरणार्थ डेंड्रायटिक (इतर प्रतिकारपेशींना चेतवणाऱ्या) पेशीवरून, आयएल-१५ पुढे करते. आयएल-२ ची अल्फा सहसा त्याच पेशीवर असते. नियामक टी पेशींवर (प्रतिकाराला आवर घालणाऱ्या) ती कायम भरपूर असते, म्हणून थोडक्या आयएल-२ वरही त्या जागतात.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार, पडद्याचा विचारच कुठे वाचला नव्हता. एकच विचारते: आयएल-२ वरची अल्फाची जागाच बिघडवली तर?

प्रतिसाद १

तेही झालंय. आयएल-२ च्या ४२ व्या जागी फेनिलअ‍ॅलनीन हे अमिनो आम्ल असतं, ते अल्फाच्या पकडीचं मर्मस्थान. तिथे अ‍ॅलनीन घातलं की अल्फावरची पकड जवळपास जाते, बीटा-गॅमावरची राहते. मग नियामक टी पेशींचा वरचष्मा संपतो आणि एनके व सीडी८ (कॅन्सरपेशी मारणाऱ्या) पेशी बरोबरीला येतात. कॅन्सरसाठी आयएल-२ नव्याने घडवणारे नेमके हेच साधू पाहतात. पायमोलमध्ये हे अमिनो आम्ल वेगळ्या रंगात दाखवा, भोवती अल्फाची पकड स्पष्ट दिसेल.