जपानचा उन्हाळा : प्रवाशांनी आपापले अनुभव लिहावेत

नदीकाठ
आमच्या शेजारच्या काकूंचा मुलगा नोकरीनिमित्त नागोयाला असतो. त्याच्याकडे महिनाभर राहण्यासाठी काका-काकू 22 जुलैला पोहोचणार आहेत आणि भेटेल तो त्यांना एकच प्रश्न विचारतो, की चेरीचा बहर सोडून भर उन्हाळ्यात जपानला कशाला निघालात? काल काकू काळजीने माझ्याकडे आल्या. त्यांच्याशी बोलताना क्योतोमधला जुलै मनात पुन्हा जागा झाला आणि एकट्याच्या आठवणींवर सल्ला देण्यापेक्षा सर्वांचे अनुभव एकत्र करावेत असे वाटले.

उकाड्याबद्दल लोक सांगतात ते खरेच आहे. जुलैच्या मध्यानंतर तिथला पावसाळा ओसरला की शहरांत पारा 35 अंशांपलीकडे जातो, हवा दमट असते आणि रात्रही फारशी निवत नाही. 5 ऑगस्ट 2025 रोजी गुन्मा प्रांतातल्या इसेसाकी येथे 41.8 अंश तापमान नोंदले गेले. तरीही मला निवड करायला सांगितली तर मी उन्हाळाच निवडेन, कारण गावोगावचे मोठे उत्सव याच दिवसांत येतात आणि त्यांपैकी अनेक उत्सवांत परक्या माणसालाही सामील होता येते.

क्योतोचा गिओन उत्सव जुलैचा सबंध महिना चालतो. 869 साली रोगराई शमावी म्हणून केलेल्या प्रार्थनाविधीत त्याचा उगम मानला जातो. 17 जुलैला 23 आणि 24 जुलैला 11 रथांची मिरवणूक निघते. सर्वांत मोठ्या रथांचे वजन सुमारे 12 टन असते, चाके लाकडी असतात आणि ती वळवण्याची कोणतीही सोय रथात नसते. त्यामुळे शिजो-कावारामाचीच्या चौकात रथ काटकोनात वळवायचा असतो तेव्हा पुढच्या चाकांखाली चिरलेले बांबू अंथरतात आणि त्यांवर पाणी ओततात. रथाच्या दर्शनी बाजूला उभी असलेली माणसे पंखे उंचावून आरोळी देतात आणि दोर धरलेले सारे जण एकदम बाजूला जोर लावतात. ओल्या बांबूंवरून चाके घसरतात, रथ करकरत थोडासा फिरून थांबतो, आणि मग पुन्हा बांबू, पुन्हा पाणी, पुन्हा आरोळी असे रथ पूर्ण वळेपर्यंत चालते. हे पाहण्यासाठी त्या चौकात सकाळी लवकर जाऊन सावलीची बाजू धरावी.

मिरवणुकीच्या आदल्या काही संध्याकाळी हे रथ आपापल्या गल्ल्यांत कंदील लावून उभे असतात. त्या वेळी त्यांच्या अंगावरची वस्त्रे जवळून पाहता येतात. त्यांत सोळाव्या शतकातली बेल्जियमची भित्तिवस्त्रे आहेत, तसेच समुद्रमार्गे भारतातून गेलेले गालिचेही आहेत, आणि त्यांतले काही दख्खनमध्ये विणलेले असावेत असे अभ्यासकांचे मत आहे. आपल्या मुलखाच्या आसपास कुणीतरी विणलेला गालिचा क्योतोच्या गल्लीत इतक्या जपणुकीने ठेवलेला पाहून मी बराच वेळ तिथून हललो नाही.

रानवाट
काकू नागोयाला असतील तर त्यांनी गुजो-हाचिमान हे गाव मुळीच सोडू नये. नागोयाहून बसने साधारण दीड तासात तिथे पोहोचता येते. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत तीसहून अधिक रात्री तिथे गुजो ओदोरी हे सामुदायिक नृत्य चालते आणि 13 ते 16 ऑगस्ट या चार रात्री तर ते पहाटेपर्यंत चालते. मधोमध एक लाकडी मंच असतो, त्यावर गायक-वादक बसतात आणि त्याभोवती रस्ताभर माणसांचे कडे फिरत राहते. तिकीट नाही, नावनोंदणी नाही, वेगळा पोशाखही लागत नाही. समोरच्या माणसाचे हात-पाय पाहत कड्यात शिरायचे, एवढेच करायचे असते.

मी ज्या आजींच्या मागे नाचत होते, त्यांनी एकदाही मागे वळून पाहिले नाही. पण माझे पाऊल चुकत आहे हे त्यांना कसे कळले कोण जाणे, त्यांनी हातांच्या हालचाली जरा मोठ्या आणि सावकाश केल्या. शेकडो गेता, म्हणजे लाकडी खडावा, एकाच वेळी रस्त्यावर आपटतात तेव्हा तो ठेका तळपायातून वर चढतो आणि मग पावले मोजावी लागत नाहीत. त्या गावातून योशिदा नदी वाहते आणि तिच्या पुलावरून गावातली मुले पाण्यात उड्या मारतात. पाहुण्यांनी मात्र पुलावरून उडी न मारता काठावर पाय बुडवून बसावे, कारण नदीत खडक आहेत आणि प्रवाहालाही ओढ आहे.

तुळस
रानवाटताई, तुमचे वर्णन वाचून या वर्षी जावेसे वाटू लागले आहे. मला खाण्याबद्दल लिहायचे आहे, कारण काकू शाकाहारी असतील तर त्यांची पहिली चिंता तीच असणार.

उन्हाळ्यात तिथे थंड सोमेन शेवया सगळीकडे मिळतात, बांबूच्या पन्हळीतून पाण्याबरोबर वाहत येणाऱ्या शेवया काड्यांनी पकडून खाण्याची गंमतही असते, परंतु ज्या सारात त्या बुडवतात त्याला बहुतेक ठिकाणी सुकवलेल्या मासळीचा अर्क असतो. थंड तोफूवरही मासळीचा कीस भुरभुरतात. तो घालू नका असे आधीच सांगावे लागते. निर्धास्तपणे खाण्यासारखे पदार्थही पुष्कळ आहेत : मीठ लावून उकडलेल्या हिरव्या सोयाबीनच्या शेंगा, उत्सवात निखाऱ्यावर भाजून सोयासॉस लावलेले मक्याचे कणीस, खारवलेले उमे फळ घातलेला ओनिगिरी म्हणजे भाताचा गोळा, कलिंगड, आणि गोडात अझुकी या लाल कडधान्याची पातळ वडी मिझु-योकान, जी जिलेटिनऐवजी समुद्रशेवाळाच्या अगरने जमवलेली असते.

मला सर्वांत आवडली ती निक्कोची काकिगोरी, म्हणजे किसलेल्या बर्फाचा गोड पदार्थ. निक्कोच्या डोंगरात काही जण आजही हिवाळ्यात तळ्यातल्या पाण्याचा बर्फ जमवतात, तो करवतीने कापून भुशात साठवतात आणि उन्हाळ्यात पुरवतात. हा सावकाश गोठलेला बर्फ इतका पातळ किसता येतो, की त्याचा डोंगर चमच्याने उचलला तरी कडकड आवाज होत नाही आणि जिभेवर ठेवताच तो विरतो, शिवाय कपाळात कळही येत नाही. वर माच्चा या हिरव्या चहाचा पाक आणि तळाशी गोड अझुकी असा प्रकार घेतला तर एका माणसाला एक वाडगा जड जातो, म्हणून दोघांनी मिळून घ्यावा.

गडवाट
ओबोनबद्दल कुणी लिहिलेले दिसत नाही. ऑगस्टच्या मध्यावर, बहुतेक प्रांतांत 13 ते 16 तारखेला, पूर्वजांचे आत्मे घरी येतात अशी श्रद्धा आहे. आपल्या पितृपक्षाशी याचे नाते लगेच जाणवते. फरक इतकाच, की तिथे त्याच दिवसांत गावाच्या मैदानात सगळे नाचतात आणि पूर्वजांना निरोप देताना दिवे लावतात. 16 ऑगस्टच्या रात्री क्योतोच्या पाच डोंगरांवर मोठमोठ्या आकृत्या पेटवल्या जातात. त्यांपैकी पूर्वेच्या डोंगरावरचे 'मोठा' या अर्थाचे अक्षर मी कामो नदीच्या काठावरून पाहिले. शेजारी उभे असलेले वृद्ध गृहस्थ हात जोडून होते आणि आजूबाजूला एवढी गर्दी असूनही कुणी मोठ्याने बोलत नव्हते.

प्रवासाच्या दृष्टीने मात्र हे दिवस कठीण असतात, कारण निम्मा देश गावी निघालेला असतो. ओबोनच्या दिवसांत नोझोमी या वेगवान रेल्वेगाड्यांची सर्व आसने आरक्षित असतात, त्यामुळे आयत्या वेळी चढता येईल या भरवशावर राहू नये.

मोगरावेणी
आईचे गुडघे दुखतात आणि गर्दीत तिला उभे राहवत नाही. बसून शांतपणे पाहता येईल असे उन्हाळ्यात काही आहे का? आम्हीही ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तिकडेच असू.

नदीकाठ
मोगरावेणी, गिफू शहरातल्या नागारा नदीवरचा उकाई तुमच्या आईंसाठी चांगला ठरेल. नागोयाहून रेल्वेने गिफू साधारण वीस मिनिटांवर आहे. 11 मे ते 15 ऑक्टोबर या काळात नदीला पूर नसेल तर रात्री पाणकावळ्यांच्या साहाय्याने मासेमारी होते आणि प्रवासी छपराच्या नावेत बसून ती पाहतात. होडीच्या नाळेवर लोखंडी टोपलीत लाकडे पेटवलेली असतात, गवताचा घागरा नेसलेला उशो, म्हणजे पक्षी हाताळणारा कोळी, डाव्या हातात दहा-एक पक्ष्यांच्या दोऱ्या धरतो आणि उजव्या हाताने त्यांचा गुंता सतत सोडवत राहतो. पक्ष्यांच्या गळ्याला दोरी असल्यामुळे त्यांना लहान मासे गिळता येतात, मोठे घशातच राहतात. काहींना हे पाहणे रुचत नाही, हे मी समजू शकतो. तेव्हा आईंना आधी नीट सांगून मगच न्यावे. या परंपरेला 1300 वर्षांचा इतिहास सांगितला जातो आणि नागारा नदीवरचे उशो आज शाही घराण्याच्या सेवेत मोडतात.

उत्तरवारा
ऑगस्टचा पहिला आठवडा असेल तर ईशान्येकडे वळावे असे मी सुचवेन. 2 ते 7 ऑगस्ट आओमोरीचा नेबुता, 3 ते 6 आकिताचा कांतो आणि 6 ते 8 सेंदाईचा तानाबाता असे तीन उत्सव लागोपाठ येतात आणि त्या भागातला उकाडाही टोकियोपेक्षा कमी असतो. नेबुता म्हणजे तारेच्या सांगाड्यावर कागद चिकटवून रंगवलेले आणि आतून उजळलेले योद्ध्यांचे प्रचंड चित्ररथ, जे नऊ मीटरपर्यंत रुंद असतात आणि माणसे ढकलत ढकलत रस्त्याने नेतात. हानेतो नर्तकांचा ठरलेला पोशाख घातला की कुणालाही त्यांच्याबरोबर उड्या मारत जाता येते. हा पोशाख शहरात भाड्याने मिळतो. त्यावर लावलेले छोटे घुंगरू नाचताना सुटून रस्त्यावर पडतात. ते सापडणे शुभ मानतात. एका शाळकरी मुलीने तिला सापडलेला घुंगरू माझ्या हातावर ठेवला, तो मी आजही पाकिटात बाळगतो.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी तिथे रस्त्याच्या कडेला तिकीट असलेल्या खुर्च्याही असतात, त्या आधी राखून ठेवाव्यात.

कातळशिल्प
नीगाता प्रांतात नागाओकाची आतषबाजी 2 आणि 3 ऑगस्टला शिनानो नदीच्या काठी होते. टोकियोहून शिनकानसेन या अतिवेगवान रेल्वेने पावणेदोन तास लागतात, बसण्याची तिकिटे आधी काढावी लागतात. 1 ऑगस्ट 1945 च्या रात्री झालेल्या हवाई हल्ल्यात हे शहर जळाले होते आणि त्या मृतांच्या स्मरणार्थ कार्यक्रमाची सुरुवात पांढऱ्या दारूकामाने होते. सुमारे 90 सेंटिमीटर व्यासाचा गोळा आकाशात फुटतो तेव्हा प्रकाश आधी दिसतो आणि आवाज नंतर छातीत जाणवतो. मी इतर ठिकाणची आतषबाजी करमणूक म्हणून पाहिली आहे, पण नागाओकाची तशी पाहता आली नाही.

तुळस
कातळशिल्प, हे मला ठाऊक नव्हते. लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

सह्यकडा
डोंगर आवडणाऱ्यांनी फुजीचा विचार अवश्य करावा, कारण चढाईचा हंगाम जुलैच्या सुरुवातीपासून 10 सप्टेंबरपर्यंतच असतो. 2025 पासून योशिदा मार्गावर माणशी 4000 येन शुल्क आहे, दिवसाला 4000 जणांनाच सोडतात आणि ज्यांनी झोपडीत मुक्काम राखलेला नाही त्यांच्यासाठी दुपारी 2 ते पहाटे 3 फाटक बंद असते. पायथ्याशी घामाच्या धारा लागलेल्या असतात आणि 3776 मीटरवर पहाटे दात वाजतात, म्हणून गरम कपडे, कानटोपी व डोक्याचा दिवा यांवाचून जाऊ नये.

काका-काकूंना चढाई नको असेल तर त्यांनी कामिकोचीला जावे. नागोयाहून शिनानो गाडीने दोन तासांत मात्सुमोतो आणि तिथून पुढे रेल्वे-बस असा प्रवास आहे. खासगी मोटारींना तिथे बंदी आहे, उंची सुमारे 1500 मीटर आहे आणि आझुसा नदीकाठची कप्पा पुलाजवळची वाट सपाट आहे. ऑगस्टमध्येही सकाळी अंगात स्वेटर लागतो.

रानवाट
पोशाखाचे एक सांगते. क्योतोत युकाता हा उन्हाळी किमोनो भाड्याने मिळतो, तो सुती असल्याने संध्याकाळी सुखाचा वाटतो. तो नेसताना डावी बाजू वर यायला हवी, कारण उजवी बाजू वर घेण्याची रीत मृतांसाठी आहे.

नदीकाठ
सर्वांचे आभार. काकूंसाठी मी पुढीलप्रमाणे आखणी लिहून दिली आहे : 23 तारखेला संध्याकाळी क्योतोत रथ, 24 ला सकाळी मिरवणूक, त्यानंतर आठवडाभर मुलाकडे विश्रांती आणि एका रात्री उकाई, ऑगस्टच्या सुरुवातीला कामिकोची, आणि ओबोनची गर्दी सुरू होण्याआधी गुजोतली एखादी नृत्याची रात्र. सकाळी अकरा ते चार या वेळात बाहेर हिंडायचे नाही, तेव्हा संग्रहालय किंवा घर गाठायचे. उष्माघाताचा इशारा दिला गेला असेल त्या दिवशी बेत रद्द करायचा. काकांना छत्री घेऊन चालण्याचा संकोच वाटतो, पण उन्हासाठी छत्री वापरणारे पुरुष तिथे आता सर्रास दिसतात, हे त्यांना आवर्जून सांगितले आहे. गुजोच्या या वर्षीच्या रात्रींचे वेळापत्रक कुणाकडे असेल तर कृपया इथे लिहावे, कारण नृत्य रोज नसते आणि त्यांची बस त्यानुसारच ठरवायची आहे.