खलनायक क्रूर झालाय, पण त्याची भीती वाटत नाही. काय चुकतंय?

कोरा_कागद

आठ भागांची क्राइम मालिका लिहितोय, एकेक भाग साधारण ४० मिनिटांचा. खलनायक तालुक्याच्या गावातल्या पतसंस्थेचा चेअरमन. सगळे त्याला भाऊसाहेब म्हणतात. संस्था आतून पोखरलेली. कॅशियरच्या ते लक्षात येतं, तेव्हा भाऊसाहेब त्याचा काटा काढून अपघात भासवतो. पुढे एक ठेवीदार विष घेतो, तरी याच्या कपाळावर आठी नाही. पश्चात्ताप कशाशी खातात हे ठाऊक नसलेला माणूस मला हवाय.

सध्याची मांडणी अशी: भाग १ मध्ये तो मुद्दाम कुत्र्यावर गाडी घालतो. भाग २ मध्ये नोकराचा हात गरम इस्त्रीवर दाबतो. भाग ३ मध्ये खून. भाग ५ मध्ये ९ मिनिटांचा फ्लॅशबॅक, दारुडा बाप वगैरे. भाग ७ मध्ये पाच पानी स्वगत, 'मला कशाचंच काही वाटत नाही' या धर्तीचं. गालावर जुन्या जखमेचा व्रणही दिलाय. संहिता वाचणाऱ्यांचं म्हणणं एकच: वाईट आहे हे कळतं, अंगावर काटा मात्र येत नाही. कात्री कुठे लावू?

तिसरी_घंटा

कुत्रा आणि इस्त्री दोन्ही काढा. पहिल्या दहा मिनिटांत प्रेक्षक त्याच्यावर 'खलनायक' अशी चिठ्ठी चिकटवून मोकळा होतो, मग तिसऱ्या भागातला खून म्हणजे फक्त वाढवलेला डोस. शिवाय नोकराला चटके देणाऱ्या माणसाकडे गाव ठेवी ठेवेल का? त्याचा सगळा धंदाच 'भाऊसाहेब देवमाणूस' या चार शब्दांवर... दोन शब्दांवर म्हणा, उभा आहे.

पश्चात्ताप नाही हे दिसायला आधी पश्चात्तापाची जागा तयार करावी लागते. जिथे कुठलाही माणूस अडखळला असता, नजर चुकवली असती, निदान चहा नको म्हणाला असता, अशी जागा. तिथे याला उभा करा आणि काम करू द्या. उदाहरणार्थ:

कॅशियरचं तेरावं. पंगत बसलीये. भाऊसाहेब स्वयंपाकघराच्या दाराशी उभा. शेगडीची ज्योत मंदावलेली त्याला आधी दिसते, तो फोन करून सिलिंडर मागवतो. मुलाची बारावीच्या क्लासची फी भरल्याची पावती कॅशियरच्या बायकोच्या हातात देतो. मग म्हणतो, "वहिनी, विम्याचे कागद आणलेत, तीन सह्या लागतील." ती चष्मा शोधते, सापडत नाही. "राहू द्या, मी बोट ठेवतो तिथे करा." तीनपैकी दोन कागद विम्याचेच आहेत. तिसरा कर्जरोखा, मयत नवऱ्याच्या नावे दाखवलेल्या १८ लाखांच्या कर्जाचा, आणि तिची सही जामीनदार म्हणून. पेनाला टोपण लावून तो मुलाला विचारतो, "जेवलास का रे?" आणि उत्तरासाठी थांबतो.

ते थांबणं महत्त्वाचं. सिलिंडर खरा, फी खरी, चौकशी खरी. नाटकीपणा दाखवू नका. खुनी हाच आहे हे प्रेक्षकाला तेव्हा माहीत हवं, पण तिसऱ्या कागदात काय आहे ते नको. ते भाग ५ मध्ये वसुलीची नोटीस तिच्या दारावर चिकटते तेव्हा कळू द्या. फ्लॅशबॅकची ९ मिनिटं तिथे वापरा.

मराठी रंगभूमीला हा प्रकार नवा नाही. अत्र्यांचं 'तो मी नव्हेच' १९६२ सालचं, माधव काझीच्या खटल्यावरून सुचलेलं. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे कोर्टात उभा आहे. समोर फसवलेल्या बायका येतात, आणि तो अदबीने सगळं नाकारतो. लखोबा झालेले प्रभाकर पणशीकर पाच रूपं करायचे, फिरत्या रंगमंचाचं कौतुक व्हायचं, पण खरी गोम त्या अदबीत आहे. प्रेक्षक त्याच्या हजरजबाबीपणाला हसतो, आणि पुढच्या साक्षीला आपण कोणाबरोबर हसलो ते त्याला कळतं.

मुद्देमाल

वरच्या प्रसंगाला पाठिंबा. आता कागदोपत्री बाजू, कारण अशा माणसाची दुष्टाई फायलीत असते आणि मालिका नेमक्या तिथेच पातळ होतात.

पतसंस्था बँक नसते. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला ते संरक्षण लागू नाही. भाऊसाहेबाला हे पाठ असणार, तरी तो पिग्मी एजंटला, म्हणजे रोज दारोदार जाऊन छोट्या ठेवी गोळा करणाऱ्याला, सांगणार, "लोकांना सांग, सरकारमान्य संस्था आहे." वाक्य खोटं नाही, नोंदणी खरंच १९६० च्या सहकार कायद्याखाली आहे. ऐकणारा त्याचा अर्थ 'पैसे सरकारने राखलेत' असा घेतो. असं शब्दशः खरं बोलून फसवणं त्याच्या तोंडी जितकं द्याल तितकं चांगलं.

हिशेब: भाजीवाली दिवसाला ५० रुपये देते, महिन्याला १५००. एका एजंटकडे अशी २०० खाती, म्हणजे एका सायकलीवरून महिन्याला ३ लाख. कमिशन ३ टक्के धरलं तर एजंटला सुटतात ९,०००. संस्था बुडाल्यावर लोक चेअरमनच्या बंगल्यावर नंतर जातात, आधी या ९,००० वाल्याच्या दारात उभे राहतात. तुमचा विष घेणारा माणूस ठेवीदार न ठेवता एजंट ठेवा. दोनशे घरांचा विश्वास त्याने स्वतःच्या तोंडाने गोळा केलाय, तो जास्त जड जातो.

पैसे खाण्याची पद्धतही दाखवा. नात्यातल्यांच्या नावे बोगस कर्जं, तारण नाही किंवा एकच जमीन तिघांना तारण. ३१ मार्च जवळ आला की नवं-जुनं करायचं, म्हणजे नव्या कर्जातून जुनं फिटल्याचं दाखवायचं, थकबाकी कागदावर शून्य. कॅशियरला हेच सापडतं: एका दिवसात तीन खाती बंद, तीन उघडली, आणि तिजोरीतून एक नोटही हललेली नाही.

कलमांचा काळ सांभाळा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आहे: खुनाला १०३, फसवणुकीला ३१८, पुरावा नष्ट करण्याला २३८. त्याआधीच्या घटनेला ३०२, ४२०, २०१. कथा २०१९ मध्ये घडत असेल आणि इन्स्पेक्टर १०३ म्हणाला तर जाणकार प्रेक्षक तिथेच उठेल. ठेवीदारांच्या हितरक्षणाचा राज्याचा कायदा १९९९ चा, बोलताना सगळे 'एमपीआयडी' म्हणतात. नुकसानीची जबाबदारी ठरवायला सहकार कायद्याचं ८८. त्या चौकशीत ज्याची सही सापडते तो सहज अडकतो, म्हणून भाऊसाहेबाने आठ भागांत स्वतः कमीत कमी सह्या कराव्यात. मोजून दोन.

व्रण मात्र काढाच. पुण्याच्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडात जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा खून झाले, आणि आरोपी निघाले कला महाविद्यालयात शिकणारी मुलं. त्यांच्या तोंडावर काही लिहिलेलं नव्हतं.

चित्तवृत्ती

तिसरी_घंटा यांच्याशी बहुतांशी सहमत, पण मूळ प्रश्नातल्या एका वाक्याला हरकत. 'पश्चात्ताप कशाशी खातात हे ठाऊक नसलेला' असा माणूस लिहू नका. त्याला तो पक्का ठाऊक हवा, दुसऱ्यांचा.

समोरच्याला काय वाटतंय हे ओळखणं आणि त्याच्याबरोबर ते वाटणं, या दोन वेगळ्या क्षमता आहेत. भाऊसाहेबाची पहिली शाबूत आहे, दुसरी नाही. विझत आलेली शेगडी त्याला सगळ्यांआधी दिसते ती यामुळेच. अशी माणसं (सायकोपॅथ) ओळखण्यासाठी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांनी केलेल्या तपासणी-यादीत २० मुद्दे असतात, प्रत्येकाला ०, १ किंवा २ गुण, कमाल ४०. त्यात पश्चात्तापाचा अभाव हा एक मुद्दा, भावनांचा उथळपणा दुसरा, वरवरचं गोड बोलणं आणखी वेगळा. लेखक यातला एकच उचलतात आणि पुतळा तयार होतो. मात्र ही यादी संवादात आणू नका. मानसोपचारतज्ज्ञाने येऊन निदान सांगितलं की प्रेक्षक सुटकेचा श्वास सोडतो, 'आजारी आहे होय' म्हणून. मुंबईत एकामागून एक खून करणाऱ्या रामन राघवच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने तज्ज्ञांच्या अहवालानंतर फाशीची जन्मठेप केली ती गंभीर मनोविकारामुळे. ती वेगळी जात. तुमच्या माणसाला दिवस, वार, कलम, सगळं समजतंय.

आता कामाची गोष्ट. साइक्स आणि मॅट्झा या दोघा समाजशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये गुन्हेगार स्वतःची समजूत कशी घालतात त्याचे पाच प्रकार मांडले. माझा इलाज नव्हता. कुणाचं फार नुकसान झालं नाही. त्याची तीच लायकी होती. बोलणारे तरी कुठे धुतल्या तांदळाचे? आपल्या माणसांसाठी केलं. हे पाचही लागतात कुणाला? ज्याला आतून टोचतं त्याला. भाऊसाहेबाला टोचतच नाही, त्यामुळे स्वतःसाठी त्याला एकाचीही गरज नाही. तो ते इतरांना वाटतो, ज्याच्या त्याच्या मापाने.

खोटी सही करणाऱ्या मॅनेजरला: "तू कुठे काय केलंस? मी सांगितलं, तू केलंस." कॅशियरचा 'अपघात' घडवणाऱ्या ट्रकवाल्याला: "तो काय साधा होता? तुझ्या भावाचं कर्ज त्यानेच अडवलं होतं." बायकोला: "हे सगळं पोरांसाठीच ना?" डगमगणाऱ्या संचालकाला: "आमदाराच्या कारखान्याचं ऑडिट बघ, मग मला शिकव." कोणाचं मन कुठे दुखतंय ते हेरून त्यावर नेमकं मलम. चार दृश्यांत चार मलमं दाखवलीत की पाच पानी स्वगताची गरज उरत नाही.

आणि एकदा मलम चुकू द्या. कुणीतरी म्हणावं, "भाऊसाहेब, मला झोप लागत नाही." तो दोन प्रकार वापरून बघतो, लागू पडत नाहीत. तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर राग नको, किल्ली कुलपात बसली नाही की येतो तसा किंचित वैताग हवा.

कोरा_कागद

मॅनेजरचा प्रसंग आत्ताच बदलायला घेतला. दोन शंका. बालपण पूर्ण काढू का? आणि इतका गोड केला तर लोक त्याच्याच प्रेमात पडतील, त्याचं काय?

कातरवेळ

बालपण काढा. कारण दिलं की माफीचा अर्ज दिल्यासारखं होतं. ठेवायचंच असेल तर धाकटा भाऊ दाखवा, त्याच बापाचा मार खाल्लेला आणि सरळमार्गी. एका ओळीत काम होतं.

प्रेमात पडतील, पडू द्या, पण किंमत पडद्यावरून हलू देऊ नका. खलनायक छान वाटू लागतो तो त्याच्या संवादांमुळे कमी आणि बळी पुढच्या भागात गायब झाल्यामुळे जास्त. एजंटची फेरी तीनदा घ्या, तोच रस्ता, तीच सायकल. भाग १: प्रत्येक दुकानात चहाचा आग्रह. भाग ४: लोक पैसे देतात, चहा विचारत नाहीत. भाग ६: तो वळणावर दिसताच शटर अर्धं खाली. संवाद शून्य, प्रत्येक फेरी ४० ते ५० सेकंद. भाग ७ मध्ये तीच सायकल पतसंस्थेबाहेर टेकवलेली, आणि भाऊसाहेब शिपायाला सांगतो, "वाटेतून बाजूला घे."

संकलनाचं म्हणाल तर पाच पानांचं स्वगत म्हणजे ढोबळ मानाने पडद्यावरची पाच मिनिटं, आणि इतका वेळ कुणीही बोलला की तो आपली बाजू मांडतोय असंच वाटतं. चाळीस सेकंदांच्या वर जाऊ नका. तेराव्याच्या प्रसंगात कॅमेरा त्याच्यापेक्षा तिच्या हातांवर आणि त्याच्या बोटावर जास्त. तो गेल्यावर लगेच कापू नका, चारेक सेकंद रिकामं दार राहू द्या. त्याच्या दृश्यांखाली तो घूंऽऽ असा आवाज घालायची फार खोड असते, संगीतकाराला आधीच बजावा. पंख्याची कुरकुर, पंगतीतला वाढप्याचा आवाज, बस्स. संगीत ठेवायचंच तर मॅनेजर एकटा असताना, कारण टोचणी त्याला आहे. आरशात बघून हसणं, काळा कुर्ता, बुद्धिबळाचा पट: संहितेत असतील तर आजच खोडा. नटालाही सांगा, तोंडाच्या कोपऱ्यातलं हसू नको. 'मला माहितीये, तुम्हाला माहितीये' असं प्रेक्षकाला डोळा मारणं असतं ते, त्याने सगळी हवा जाते.

तिसरी_घंटा

'वाटेतून बाजूला घे' फर्मास. चित्तवृत्ती यांची हरकतही मान्य.

कोरा_कागद

शेवटी तो सापडावा कसा? कबुलीजबाब नको आहे. कोसळून रडणं तर नकोच.

मुद्देमाल

तेराव्याच्या कागदातच सापडवा. कर्जरोखा सहा महिने मागच्या तारखेचा दाखवायचा तर स्टॅम्प पेपरही तेव्हाचा हवा. अशा संस्थांच्या कपाटात जुन्या तारखांचे कोरे स्टॅम्प पडलेले असू शकतात, अडचण नाही. कथा २०१९ मध्ये असेल तर १०० रुपयांचा स्टॅम्प दाखवा, ५०० चा प्रकार राज्यात ऑक्टोबर २०२४ पासूनचा. स्टॅम्पच्या मागे विक्रेत्याचा शिक्का, अनुक्रमांक, तारीख आणि घेणाऱ्याचं नाव असतं. तोच अनुक्रमांक विक्रेत्याच्या नोंदवहीत, आणि तिथे घेणाऱ्याची सही.

संस्थेसाठी स्टॅम्प आणायला ऑफिसातून कोण जात असेल? कॅशियर. म्हणजे नोंदवहीत त्याची खरी सही, आणि त्याच स्टॅम्पवर मॅनेजरने केलेली खोटी. दोन्ही एकाच अनुक्रमांकाच्या. हस्ताक्षरतज्ज्ञाकडे पाठवायला नमुना आयता मिळतो. तपास अधिकारी वही घेऊन येतो तेव्हा भाऊसाहेबाने वही नीट न्याहाळावी, मॅनेजरकडे वळावं आणि म्हणावं, "अरे, हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"