मदत हवी आहे : बेसमेंटच्या पायऱ्यांवरचा बर्फ कोणी काढायचा? (ब्रॅम्प्टन, कॅनडा)

नमस्कार मंडळी. आम्ही ब्रॅम्प्टनला एका घराच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहतो. छताच्या पन्हळीचं पाणी थेट आमच्या बाहेरच्या पायऱ्यांवर पडतं आणि रात्रीत त्याची काच होते. रोज मीठ टाकतो, पण कडाक्याच्या थंडीत साधं मीठ काही काम करत नाही. पन्हळीचं तोंड वळवा म्हटलं, तर घरमालक करार दाखवतात : ‘बर्फ भाडेकरूने काढावा.’

आमच्या ऑन्टारिओ प्रांताच्या २००६ च्या भाडेकरू कायद्यानुसार देखभाल मालकाकडे आहे. २००९ साली इथल्या अपील न्यायालयाने असं कलम चालत नाही म्हटलंय. बर्फ काढण्याचा वेगळा, मोबदल्याचा करार असेल तर गोष्ट निराळी. हे त्यांना सांगितलं, तर म्हणाले, ‘पायऱ्या फक्त तुम्हीच वापरता ना?’

अशा वेळी कुणी घरमालक-भाडेकरू बोर्डाकडे टी-६ (देखभालीच्या तक्रारीचा) अर्ज केलाय का? फोटो आणि ईमेल पुरतात, की आधी पालिकेचा इन्स्पेक्टर बोलवावा? माणूस तसा भला आहे, दिवाळीला फराळही देतो, त्यामुळे भांडण नकोय. पण पुढच्या महिन्यात आई येतेय, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली. पत्र कसं लिहावं, कुणाकडे नमुना आहे का?