शब्दचर्चा : मुंगीच्या लेबलवरचा बुध (♂ ♀ ☿ ♃ मराठीत कसे वाचायचे?)

प्रश्न

कॉलेजातल्या जुन्या कीटकपेट्यांची यादी मराठीत करायचं काम अंगावर आलंय. मधमाश्या, गांधीलमाश्या, मुंग्या असं सगळं आहे. टाचणीला खोचलेल्या चिठ्ठ्यांवर गाव, तारीख आणि एखादं चिन्ह. ♂ नर, ♀ मादी, इथवर ठीक. पण मुंग्यांच्या पेटीत बहुतेक चिठ्ठ्यांवर ♀ ला शिंगं फुटल्यासारखं ☿ आहे, आणि मोठ्या डोक्याच्या दोन मुंग्यांखाली इंग्रजी चारच्या आकड्यासारखं काहीतरी. आमच्याकडे एक जण म्हणाले, ☿ म्हणजे न्यूटर, 'नपुंसक' लिहून टाका. मला पटत नाही. शिवाय यादीत 'कास्ट' (राणी, कामकरी, सैनिक यांतलं कोण) नावाचा रकाना आहे. त्याला 'जात' म्हणायचं का?

प्रतिसाद १

☿ = कामकरी. ♃ (ते चारसारखं) = सैनिक. 'नपुंसक' अजिबात नको, कामकरी मुंगी मादीच असते.

प्रतिसाद २

वरचं उत्तर बरोबर आहे, पण त्यानं तुमची अर्धीच अडचण सुटेल. जास्त घोटाळा होतो तो ♀ मुळे. त्यावर येतोच, आधी ☿ चं बघू.

ही सगळी ग्रहांची चिन्हं. ♂ मंगळ, ♀ शुक्र, ☿ बुध, ♃ गुरू. ♂ म्हणजे रोमन मंगळदेवाची भाला-ढाल आणि ♀ म्हणजे शुक्रदेवीच्या हातातला आरसा ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, पण विल्यम स्टर्न या वनस्पतिशास्त्रज्ञानं १९६२ साली या चिन्हांच्या उगमावर लेख लिहिला, त्यात ग्रहांच्या ग्रीक नावांची आद्याक्षरं घाईघाईनं लिहिता लिहिता हे आकार बनले, या मताच्या बाजूनं कौल दिला आहे. मला तेच जास्त पटतं. रसायनाच्या जुन्या वह्यांत हीच चिन्हं लोखंड, तांबं आणि पारा यांच्यासाठी होती. ती जीवशास्त्रात आणली स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं, १७५१ च्या संकरित वनस्पतींवरच्या प्रबंधात. तिथे ♀ आई-झाडासाठी, ♂ बाप-झाडासाठी आणि ☿ होतं त्यांच्या संकरित झाडासाठी.

गंमत म्हणजे १७५३ च्या ग्रंथात त्याच लिनियसनं ♂ हे चिन्ह दोन वर्षं जगणाऱ्या झाडांसाठीही वापरलं, कारण मंगळाची सूर्याभोवती फेरी साधारण दोन वर्षांची. वर्षायू झाडाला सूर्य, बहुवर्षायूला गुरू, आणि लाकूड धरणाऱ्या झाडाला शनी. शनी एका राशीत अडीच वर्षं, म्हणजे बारा राशींना तीस, हे साडेसातीवाल्या मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. तेव्हा चिन्ह एकच असलं तरी कुठल्या पुस्तकात बसलंय ते पाहूनच अर्थ लावायचा. लेबलांचंही तसंच.

कीटकवाल्यांनी बुध घेतला तो कामकऱ्यांसाठी, कारण तेव्हा कामकऱ्यांना 'न्यूटर' म्हणायची पद्धत होती. डार्विनच्या १८५९ च्या पुस्तकातही हा शब्द आहे, पण तिथेच त्यानं 'किंवा वांझ माद्या' असा खुलासा जोडलाय. म्हणजे या माद्याच आहेत हे तेव्हाही माहीत होतं, शब्द तेवढा चिकटून राहिला. मधमाशी आणि मुंगीमध्ये फलित अंड्यातून मादी होते आणि अफलित अंड्यातून नर. कामकरी येते फलित अंड्यातून. राणी मेलेल्या पोळ्यात काही कामकरी माश्या अंडी घालायला लागतात. ती अफलित असल्यामुळे त्यांतून नुसते नर निघतात. अंडी घालणाऱ्या माशीला नपुंसक कसं म्हणणार?

प्रतिसाद ३

जाता जाता एक. आपल्याकडे वराहमिहिरानं ग्रहांची लिंगं सांगितली आहेत: 'बुधसूर्यसुतौ नपुंसकाख्यौ'. बुध आणि शनी नपुंसक, चंद्र आणि शुक्र स्त्री, बाकीचे पुरुष. टॉलेमीकडेही शुक्र स्त्री, मंगळ पुरुष आणि बुध दोन्हीकडचा. शनीच्या बाबतीत मात्र दोघांचं जमत नाही. पुराणात बुधाची बायको इला, जी कधी स्त्री तर कधी पुरुष. म्हणजे 'नपुंसक' सुचवणारे तुमचे ते गृहस्थ ज्योतिषाच्या हिशोबानं बरोबर आहेत, फक्त मुंगीच्या हिशोबानं चुकलेत.

प्रतिसाद २ (पुढे)

वा, हे सुरेख. आता ♀ कडे येतो.

मुंगीच्या किंवा मधमाशीच्या लेबलवर ♀ दिसलं की 'राणी' लिहा, 'मादी' नको. कामकरीही मादीच. मग 'मादी' म्हटल्यावर वाचणाऱ्याला कळणार काय? तिथे ♀ हे ☿ च्या समोर उभं आहे, म्हणून त्याचा अर्थ राणी होतो. फुलपाखरू, भुंगेरा, एकटी राहणारी कुंभारीण यांच्या पेटीत ☿ येतच नाही. तिथे ♀ फक्त ♂ च्या समोर आहे, म्हणून तिथे 'मादी'.

गांधीलमाश्यांत मात्र जपून. आपल्याकडे छपराखाली कागदी पोळं करणारी रोपॅलिडिया मार्जिनाटा घ्या, जिच्यावर बंगळुरूला राघवेंद्र गदगकरांनी आयुष्यभर काम केलं. हिच्या घरट्यात राणी एकच असते, पण ती दिसायला बाकीच्यांपेक्षा वेगळी नाही. टाचणीवर टोचलेली माशी राणी होती की कामकरी, हे नुसतं बघून सांगता येत नाही. म्हणून अशा नमुन्यावर ♀ असेल तर सरळ 'मादी' लिहा. राणी लिहिलंत तर लेबलवर नसलेली माहिती तुम्ही पदरची घातलीत.

उलट टोकाला आपल्या सह्याद्रीतली उडी मारणारी मुंगी, हार्पेग्नाथॉस सॉल्टेटर. जेर्डननं १८५१ साली तिचं वर्णन केलं. लांब जबडे, टपोरे डोळे. हिच्यात कामकरी मुंग्या नराशी मीलन करून फलित अंडी घालू शकतात. डायाकॅमा या वंशात तर वेगळ्या घडणीची राणीच नसते, वारुळाचा सगळा वंश अशाच एका कामकरीवर चालतो. लेबलवर तरीही ☿ च, कारण चिन्ह शरीराची घडण सांगतं, वारुळातला अधिकार नाही. यादीत 'कामकरी' लिहा. चिठ्ठीवर पुढे आणखी काही लिहिलेलं असेल तर तेही उतरवा.

वाळवीत यातलं काही चालत नाही. तिथे कामकरी आणि सैनिक दोन्हींत नर आणि मादी असतात, आणि राणीशेजारी राजा आयुष्यभर राहतो. त्या पेटीत चिन्हापेक्षा शब्दांवर विसंबा.

मूळ प्रश्नकर्ती

आभार! ♀ चा मुद्दा लक्षातच आला नव्हता. आता चार शंका. एका चिठ्ठीवर ☿☿ असं दोनदा आहे. दुसरीवर ☿ पुढे इंग्रजीत 'मेजर'. ♃ आणि 'मेजर' एकच का? आणि एका पेटीत मुंगळ्यांखाली ☿ आहे. मुंगळा म्हणजे नर ना?

प्रतिसाद २

☿☿ म्हणजे अनेकवचन, 'कामकरी मुंग्या'. ♂♂, ♀♀ ही तसेच. पुढे आकडा असेल तर तेवढे नमुने. त्रिकोणी पुठ्ठ्याच्या टोकावर मुंगी चिकटवतात आणि एका टाचणीवर असे दोन-तीन पुठ्ठे एकाखाली एक लावतात, तिथे हे हमखास सापडेल. एका वारुळातली कामकरी, राणी आणि नर एकाच टाचणीवर असतील तर वरून खाली क्रम ताडून बघा.

♃ हे जुन्या मंडळींनी सैनिकासाठी वापरलं, जिथे सैनिक उघड वेगळा दिसतो तिथे. फायडोली वंशात सैनिकाचं डोकं अंगाच्या मानानं अवाढव्य, आणि साधी कामकरी किरकोळ. मधलं काही सहसा नसतं. तुमच्या त्या दोन मोठ्या डोक्याच्या बहुधा त्याच. मुंगळ्यांत तसं नाही. मोठी, मधली, लहान अशा आकारांची सलग रांगच असते. म्हणून तिथे ☿ पुढे 'मेजर', 'मायनर' लिहीत. मराठीत 'मोठी कामकरी', 'लहान कामकरी' पुरे, सैनिक म्हणू नका.

आणि मुंगळा नर नव्हे! मुंगळा पुल्लिंगी आहे तो मराठी व्याकरणात. अंगणात फिरणारा, गुळाच्या ढेपेला चिकटणारा काळा मुंगळा ही कामकरी मादीच. खरा नर पंखवाला, बारीक डोक्याचा, आणि वर्षातले थोडेच दिवस दिसतो. यादीत 'मुंगळा, कामकरी' असं लिहा. 'कामकरी' हा शब्द मुंगी, माशी, मुंगळा सगळ्यांना चालतो, लिंग बदलावं लागत नाही. बिनपंखाची राणी दिसली तर गोंधळू नका. मीलनानंतर राणी पंख टाकते. तिची छाती जाड असते आणि भिंगाखाली पंख तुटल्याच्या खुणा दिसतात.

प्रतिसाद ४

'कास्ट'ला 'जात' नको. एक तर मराठी जीवशास्त्रात 'जाती' हा शब्द आधीच स्पीशीजसाठी घेतलाय, त्यामुळे 'जाती : कामकरी' वाचून कोणीही बुचकळ्यात पडेल. 'वर्ग' सुचतो, पण कीटक हा स्वतःच एक वर्ग आहे. दुसरं, हा शब्द पोर्तुगीज 'कास्ता'वरून आला, आपल्या समाजाला लावला गेला, आणि तिथून कीटकांवर गेला. मधमाशीच्या बाबतीत तर तो उलटाच बसतो. राणी आणि कामकरी एकाच तऱ्हेच्या अंड्यातून निघतात, अळीला काय भरवलं यावर पुढचं ठरतं. जन्मानं नाही, आहारानं. त्याला 'जात' म्हणणं म्हणजे कमाल आहे.

मी 'श्रेणी' वापरते. फार छान नाही, पण घोटाळा होत नाही.

प्रतिसाद १

'श्रेणी'त वरची-खालची असा वास येतो. रकान्याचं नाव 'प्रकार' ठेवा.

प्रतिसाद ४

'प्रकार' फारच ढिला. उद्या कोणी त्यात 'पंखवाली' लिहील, परवा 'काळी'.

प्रतिसाद २

दोघांचंही खरं. मला विचाराल तर रकाना 'लिंग / श्रेणी' असा एकच करा. मूळ चिन्हही तेच करतं: ♂ लिंग सांगतं, ☿ श्रेणी सांगतं, आणि ♀ कधी हे तर कधी ते.

पेट्यांवरची नावं जुनी असतील तर बिंगहॅमचा १९०३ चा मुंग्यांचा खंड जवळ ठेवा. पुणे, ठाणे, कानडा इथल्या कितीतरी मुंग्या मुंबई इलाख्यातले वनाधिकारी रॉटन यांनी गोळा केल्या, आणि मुंग्यांचा अभ्यासक फोरेल यानं स्वित्झर्लंडमध्ये बसून त्यांची वर्णनं लिहिली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ती १८९२ पासून येत गेली. तुमच्या चिठ्ठ्यांवरची भाषा त्याच घराण्यातली आहे. मात्र नेटवरची स्कॅन केलेली प्रत वाचताना छापील पानाचं चित्रच बघा, खालचा आपोआप उतरवलेला मजकूर नको. त्यात ♀ चा नऊ होतो, ☿ चं डॉलरचं चिन्ह होतं आणि ♃ चा चार. 'नऊ मुंग्या' म्हणून जे वाचाल ती एक राणी असेल.

अलीकडच्या मुंग्यांच्या सूचींत चिन्हं गेली आणि इंग्रजी आद्याक्षरं आली: वर्करचा डब्ल्यू, क्वीनचा क्यू, मेलचा एम, सोल्जरचा एस. टाइप करायला सोपं. तुम्ही मराठीत 'का', 'रा', 'न', 'सै' असं करायच्या फंदात पडू नका, 'न' ला कोणीतरी नक्की 'नपुंसक' वाचेल. पूर्ण शब्द लिहा, आणि शेजारी मूळ चिन्ह जसंच्या तसं ठेवा. युनिकोडमध्ये चारही आहेत. फक्त छापून आणल्यावर ☿ आणि ♀ वेगळे दिसताहेत ना, ते एकदा भिंगातून बघा. बारीक टायपात ती शिंगं बुजतात आणि कामकरी आयती राणी होते.