स्विफ्टला होंडा सिटीचे अलॉय बसवलेत, ८० च्या वर स्टीअरिंग थरथरतंय, हब रिंग घेऊ का?

सातारी_स्विफ्ट
नमस्कार मंडळी. माझी २०१४ ची स्विफ्ट व्हीडीआय आहे, १४ इंची लोखंडी डिस्कवाली. गेल्या महिन्यात पुण्यातनं होंडा सिटीचे कंपनीचे १५ इंची अलॉय (मिश्रधातूची चाकं) सेकंडहँड घेतले, १७५/६५ टायरसकट. दुकानदार म्हणाला पीसीडी (नटांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचं माप) दोन्हीचा ४ बाय १०० आहे, म्हणजे चार नट, १०० मिमीचं वर्तुळ, डोळे झाकून बसवा. बसले पण. पण ८० च्या पुढं गेलं की स्टीअरिंग थरथरायला लागतं, ९०-९५ ला तर हाताला मुंग्या येतात. बॅलन्सिंग दोनदा करून घेतलं, मशिनवर शून्य दाखवतंय, अलाइनमेंट पण झालं, तरी फरक नाही. आता एकजण म्हणतोय चाकाचं मधलं भोक गाडीच्या हबपेक्षा (चाक ज्यावर चढतं तो मधला गोल भाग) मोठं आहे, म्हणून ती फट भरायला हब रिंग टाकावी लागेल. प्लॅस्टिकची घेऊ का अ‍ॅल्युमिनियमची? पुढच्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन कुंभार्ली घाटातनं गणपतीपुळ्याला जायचंय, म्हणून जरा घाई आहे.

चाकांचा_नाद
भावा, ज्यानं सांगितलं त्यानं बरोबर सांगितलंय. स्विफ्टचा हब ५४.१ मिमी आणि सिटीच्या चाकाचा सेंटर बोअर, म्हणजे मधलं भोक, ५६.१, म्हणजे चाक हबवर टेकतच नाहीये, सगळीकडनं १ मिमी मोकळं आहे. आणि बॅलन्सिंग मशिनवर शून्य का येतंय ते बघ, तिथं चाक मधल्या भोकातनं कोन घालून पकडतात, म्हणजे तिथं ते परफेक्ट मधोमध असतं. गाडीवर चढवताना ते एका बाजूला सरकून आवळलं गेलं की मशिनला ते कुठनं कळणार. ५६.१ ला ५४.१ ची रिंग मिळते, फक्त भिंत १ मिमीचीच असते त्यामुळं पातळ, नीट जपून बसवायची.

माझं मत प्लॅस्टिक. अ‍ॅल्युमिनियमची रिंग दिसायला भारी पण आपल्या पावसात आणि कोकणातल्या खाऱ्या हवेत हबच्या लोखंडाला धरून बसते, मग पंक्चर झालं की चाक लाथा घालून पण निघत नाही, माझ्यावर वेळ आलीय. अ‍ॅल्युमिनियमच हवी असेल तर हबच्या ओठाला (कडेला) अगदी पातळ अँटीसीझ (धातू चिकटू नये म्हणून लावायची पेस्ट) लाव, स्टडच्या (नट ज्यावर फिरतो त्या बोल्टच्या) आट्यांना मात्र अजिबात नको.

भोसरी_क्वालिटी
एक हिशोब टाकतो, कारण लोकांना १ मिमी म्हणजे काहीच नाही असं वाटतं. १५ इंची अलॉय टायरसकट धरा साधारण १५ किलो. ते १ मिमी सेंटर सोडून बसलं तर तो असमतोल रिमच्या कडेला, म्हणजे सेंटरपासून १९० मिमीवर, जवळजवळ ८० ग्रॅम वजन चिकटवल्यासारखा होतो. आपण दुकानात ५-१० ग्रॅमच्या वजनांसाठी भांडतो, आणि इथं ८० ग्रॅम. नट नीट आवळले तर ते चाकाला थोडं मधे ओढतात, त्यामुळं प्रत्यक्षात पूर्ण १ मिमी क्वचित होतं, पण ०.२ मिमी राहिलं तरी १६ ग्रॅम झाले आणि ९० ला ते हाताला कळतं.

घ्यायच्या आधी डिजिटल व्हर्नियरनं हब आणि भोक दोन्ही स्वतः मोजा. नेटवरच्या आकड्यावर रिंग मागवू नका, हबवर गंज असतो, काही चाकांचं भोक आतनं आधीच कुणीतरी मोठं केलेलं असतं.

घाटमाथा_ड्रायव्हर
मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. शंकूच्या नटांनी चाक आपोआप मधोमध येतं, माझ्या जुन्या गाडीला ७३.१ भोकाचे बाहेरच्या कंपनीचे अलॉय विनारिंगचे होते, पाच वर्षं चालवली, काही झालं नाही. चाक जॅकवर असताना हातानं चारही नट क्रॉसमधे आवळायचे, चाक हलवत हलवत, आणि मगच खाली सोडायचं. बहुतेक टायरवाले एक नट हवेच्या बंदुकीनं पूर्ण आवळतात आणि मग दुसऱ्याला हात लावतात, खरी चूक तिथं होते. आणि रिंग काही वजन उचलत नाही, वजन चाक आणि हब यांच्या घट्ट दाबातनं पेललं जातं.

उद्यमनगर_लेथ
घाटमाथा, तुमचं शंकूच्या नटाबद्दल बरोबर आहे. पण या धाग्यातला मुख्य धोका नटाचाच आहे आणि अजून कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी कोल्हापूरला लेथवर काम करतो, असली चाकं बरीच येतात.

होंडाच्या कंपनी अलॉयला नट बसायची जागा गोल असते, गोळ्यासारखी, त्यांचे नट पण तसेच गोल तोंडाचे. मारुतीचे नट शंकूचे, ६० अंशाचे. शंकू गोल खळग्यात घातला तर तो पूर्ण टेकत नाही, एका बारीक रेषेवर टेकतो. आवळताना घट्ट वाटतं, पण थोडं चाललं की अ‍ॅल्युमिनियम दबतं आणि नट सैल पडतो. आणि होंडाचेच नट वापरू म्हणाल तर ते पण नाही, होंडाची आटी १२ बाय १.५ आणि मारुतीची १२ बाय १.२५. दोन-तीन आट्या जातील, मग बंदूक मारली की स्टड गेला.

सातारचे भाऊ, आत्ता लावलेले नट कुठले आहेत? एक काढा, तोंडाला मार्कर फासा, हातानं आवळा, परत काढून बघा. शाई बारीक रेषेत पुसली असेल तर गाडी घाटात नेऊ नका. रिंग घातली तरी हा प्रॉब्लेम सुटत नाही. थरथर थांबेल आणि तुम्हाला वाटेल सगळं ठीक झालं, म्हणून जास्त काळजी वाटते.

सातारी_स्विफ्ट
काका खरंच आभार. नट गाडीचेच आहेत, जुने. मार्करचं करून बघितलं, दोरा ओढल्यासारखी गोल बारीक रेष उमटलीय, बाकी शाई तशीच. आणि पुढच्या डाव्या चाकाचा एक नट पान्याला पाव फेरा फिरला, टायरवाल्यानं आवळून अजून तीन आठवडे नाहीत झालेले. आजच चारी जुन्या डिस्क चढवल्या. आई-बाबा त्याच चाकांवर येतील.

म्हापशाची_सिटीवाली
माझा प्रश्न नेमका उलटा आहे. माझी होंडा सिटी, भाऊ त्याच्या बलेनोचे अलॉय देतोय. ते हबवर जातच नाहीत. इथला मेकॅनिक म्हणतो नट आवळत नेले की ओढून बसतील. बसतील का?

उद्यमनगर_लेथ
ताई, अजिबात करू देऊ नका. भोक ५४.१, हब ५६.१, ते बसणारच नाही. चाक हबच्या ओठावर अडकून तिरकं राहील, मागनं पूर्ण टेकणार नाही आणि स्टडवर ताण येईल. लेथवर भोक वाढवता येतं, पण चाक फोर-जॉ चकमधे (लेथच्या चार जबड्यांच्या पकडीत) धरून, डायल (सेंटर किती सरकलंय ते दाखवणारं मापयंत्र) लावून, टायर जिथं बसतो त्या कडेशी सेंटर जुळवून मगच कापायचं. ज्याच्याकडे डायल नाही त्याला चाक देऊ नका. आणि हबवर हातानं सरकून बसेल इतकंच मोठं, त्याहून जास्त नाही. तुमच्या होंडाचे गोल नट पण त्या चाकाला चालणार नाहीत, त्याला १२ बाय १.५ चे शंकूवाले घ्यावे लागतील. एवढा सगळा खर्च बघता भावाची चाकं भावालाच राहू देत असं माझं मत.

चाकांचा_नाद
सातारी, अजून एक राहिलं होतं. तुझ्या १४ इंचीला १६५/८० होते ना, १७५/६५ आर१५ त्यापेक्षा व्यासात जवळपास ११ मिमी लहान पडतं. नवीन चाकं घेतलीस तर १८५/६५ आर१५ बघ, तो जवळजवळ बरोबर येतो.

सातारी_स्विफ्ट
तीन आठवड्यांनी अपडेट देतोय. गणपतीपुळे जुन्या डिस्कवर निवांत झालं. दुकानदारानं थोडे पैसे कापून होंडाची चाकं परत घेतली, त्याच्याकडचेच बाहेरच्या कंपनीचे १५ इंची घेतले, शंकूच्या सीटचे, ४ बाय १००. भोक स्वतः मोजलं, ६७.१. हब वायर ब्रशनं घासून मोजला, ५४.१ ची प्लॅस्टिक रिंग बोटानं दाबली की सरकून बसते. टायर १८५/६५. नट जॅकवर असताना क्रॉसमधे हातानं, मग टॉर्क रेंचनं (ठरलेल्या जोरावर आवळणाऱ्या पान्यानं) मॅन्युअलमधल्या आकड्यावर, आणि ८० किमी चालवून परत चेक केले, एकही फिरला नाही. काल एक्सप्रेसवेवर १०० ला स्टीअरिंग एकदम शांत.

उद्यमनगर_लेथ
छान केलंत. आता एकच लक्षात ठेवा. तुमची स्टेपनी अजून लोखंडी डिस्कच आहे, तिचं भोक ५४.१. पंक्चर झाल्यावर अलॉय काढताना रिंग चाकाबरोबर न येता हबवरच राहिली तर स्टेपनी बसणार नाही, आणि अंधारात पावसात ती काळी रिंग दिसत पण नाही. आधी रिंग काढून खिशात टाका, मग स्टेपनी चढवा.

सातारी_स्विफ्ट
आत्ता खाली जाऊन एक चाक काढून बघितलं काका. रिंग हबवरच राहिली होती. स्क्रूड्रायव्हर जॅकच्या पिशवीत टाकून ठेवलाय.