प्रतिसाद: रिस्पेरिडोन आणि थांबलेली पाळी

प्रश्न असा होता: रिस्पेरिडोन (भास-संशयाच्या आजारावरचं औषध) घेताना पाळी थांबली आणि प्रोलॅक्टिन, म्हणजे अंगावर दूध आणणारं संप्रेरक, ९० इतकं वाढलेलं आलं, तर मेंदूत गाठ आहे का? लगेच तसं नाही. पिट्यूटरी या मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीत डोपामिन हे मेंदूतलं रसायन प्रोलॅक्टिनला लगाम घालतं; हे औषध तोच लगाम सोडतं. त्याच गटातल्या अमिसल्प्राइडचंही तेच. क्वेटियापिन, क्लोझापिन या औषधांनी प्रोलॅक्टिन सहसा इतकं वाढत नाही.

आधी गर्भचाचणी आणि टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) करा. प्रोलॅक्टिन पुन्हा तपासायचं तर उठल्यावर दोनेक तासांनी, शांत बसून रक्त द्या. डोकेदुखी किंवा नजरेत फरक असेल तर मात्र एमआरआय हवाच.

गोळी मनाने बंद करू नका, आजार उलटतो. मानसोपचारतज्ज्ञ डोस कमी करतात, औषध बदलतात किंवा थोडं अरिपिप्राझोल (याच गटातलं दुसरं औषध) जोडतात. रिस्पेरिडोनसोबत ते बऱ्याचदा लागू पडतं, अमिसल्प्राइडसोबत कमी. प्रोलॅक्टिन उतरवणारी कॅबरगोलिनची गोळी परस्पर घेणं धोक्याचं, भास-संशय उसळू शकतात. आणि हो, औषध बदललं की पाळी परत सुरू होण्याआधीच गर्भ राहू शकतो.